मिरकरवाड्यातली पावसाळी कूलिंग सर्व्हिस: कूलरचं काम चोख, झिंकला मात्र हात आखडता

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या ६१ दिवसांत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाळी दुरुस्त होतात, तळ खरवडून रंग लागतो, इंजिनाचं ऑइल बदललं जातं. कूलरचं काम मात्र "पाणी पडतंय ना बाजूने? मग राहू दे" म्हणत पुढच्या वर्षावर ढकललं जातं. मग ऑगस्टात जाळं ओढताना इंजिनावर लोड येतो आणि तापमानाचा काटा चढायला लागतो. तेव्हा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आरपीएम कमी करतो, जाळं नीट ओढलं जात नाही आणि दोष मासळीला दिला जातो.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या या वर्कशॉपची पावसाळी कूलिंग सर्व्हिस नेमकी ह्याच कामासाठी आहे. सहा सिलिंडरच्या, हीट एक्स्चेंजरवाल्या दोन ट्रॉलर इंजिनांवर त्यांनी केलेलं काम बघून हा रिव्ह्यू लिहिला आहे. खाऱ्या पाण्याच्या बाजूचं काम उत्तम, गोड्या पाण्याच्या बाजूचं बरं, आणि झिंकचं (कूलरऐवजी झिजणाऱ्या कांडीचं) काम आपण शेजारी उभं राहून करून घ्यायचं, असं आमचं मत झालं.

दोन बाजू म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढच्या चार ओळी सोडाव्यात. इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरतं ते कूलंट, ते बाहेर जात नाही; ही गोड्या पाण्याची बाजू. समुद्राचं पाणी तळाच्या वॉल्व्हमधून स्ट्रेनरला (गाळणीला), तिथून रबर इम्पेलरच्या (पात्यांच्या रबरी चाकाच्या) पंपाला, बहुतेक इंजिनांवर मग गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरमधून हीट एक्स्चेंजरला आणि शेवटी बाहेर. हीट एक्स्चेंजरमध्ये नळ्यांच्या आतून खारं पाणी आणि बाहेरून कूलंट. बंदरावर याला सगळे कूलरच म्हणतात, इथेही तेच म्हणू.

कूलर प्रत्यक्ष खोलतात, ही यांची खरी जमेची बाजू. याच नावाने बंदरावर स्वस्तात जे होतं ते असं: बादलीत ॲसिड, एक छोटी मोटर, दोन पाइप, तासभर फिरवलं, फेस आला, झालं काम. ते ॲसिड बहुधा फरशी-संडास धुवायचं, म्हणजे हायड्रोक्लोरिक. क्षार जातो, नाही असं नाही. पण हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर तेही त्याबरोबर जातं, आणि जिथे डाग दिलेले सांधे आहेत ते कमजोर होतात. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. जी नळी पुरती बुजलेली आहे तिच्यातून ॲसिड शिरणारच नाही, ते मोकळ्या नळ्यांतूनच फिरत राहणार. म्हणजे स्वच्छ नळ्या आणखी स्वच्छ होतात, बंद नळ्या बंदच राहतात. आणि नळ्यांच्या तोंडाशी अडकलेलं इम्पेलरचं रबर किंवा जाळ्याचा नायलॉन धागा अशा तासाभराच्या सफाईत विरघळून जात नाही.

इथे दोन्ही टोकांची झाकणं काढतात आणि ज्या कूलरमधला नळ्यांचा जुडगा निघतो तो सबंध बाहेर ओढतात. ओढण्याआधी जुडग्यावर आणि हाउसिंगवर सेंटर पंचने समोरासमोर खूण करतात. गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बऱ्याच कूलरांत जुडगा थोडा फिरून बसला तरी कूलंटची वाट बदलते, आणि मग सगळं स्वच्छ असूनही इंजिन का तापतंय याचा शोध महिनाभर चालतो.

एका कूलरचं पाणी आत शिरायच्या बाजूचं झाकण उघडलं तेव्हा नळ्यांच्या तोंडावर निळ्या नायलॉन धाग्याचा बोराएवढा गुंता होता. त्यात इम्पेलरच्या पात्यांचे दोन काळे तुकडे अडकलेले, आणि भोवती चिखलात रुतलेल्या नखाएवढ्या शिंपल्या. एकूण नळ्यांपैकी पाव हिश्श्याची तोंडं त्या एका गुंत्याने झाकली होती. पाणी बाहेर जायच्या टोकाला असा कचरा नव्हता, तिथे पांढरा कडक थर. हे असंच असतं. खारं पाणी साधारण ५५ अंशांच्या वर तापलं की त्यातले कॅल्शियमचे क्षार नळीला धरायला लागतात, आणि पाणी सर्वांत गरम असतं ते बाहेर पडताना. म्हणून एकच झाकण उघडून "साफ आहे" म्हणणाऱ्या मेकॅनिकवर विश्वास ठेवू नये. एका बाजूला कचरा असतो, दुसऱ्या बाजूला क्षार.

सफाईची त्यांची पद्धत आम्हाला पटली. आधी कोरडं काम: नळीच्या आतल्या मापापेक्षा दीड-दोन मिलिमीटर बारीक अशी लाकडी किंवा पितळी कांडी प्रत्येक नळीतून आरपार घालायची. लोखंडी सळई किंवा ड्रिल अजिबात नाही. नळ्या तांबं-निकेलच्या असतात, त्यांच्या आतल्या पृष्ठावर तयार झालेला पातळ थर हेच त्यांचं खाऱ्या पाण्यापासूनचं संरक्षण. लोखंडी सळईने तो ओरबाडला की त्या ओरखड्यातच पुढे खड्डा पडतो.

मग सल्फॅमिक ॲसिड. पावडर असते, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, कोमट पाण्यात. पाणी ६० अंशांच्या वर नको. जुडगा त्यात बुडवला की बुडबुडे सुरू होतात. बुडबुडे थांबले म्हणजे दोनपैकी एक झालं: क्षार संपला किंवा ॲसिड संपलं. जुडगा बाहेर काढून नळीत टॉर्च मारायचा, पांढरं दिसलं तर नवीन पाणी बनवून पुन्हा. इथे त्यांनी दुसऱ्या कूलरला तीन वेळा पाणी बदललं, आणि न सांगता बदललं. ॲसिडनंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवतात, फेस यायचा थांबेपर्यंत, आणि शेवटी गोड्या पाण्याच्या जोरदार धारेने धुतात. हा प्रकार कुणी बोटीवर स्वतः करणार असेल तर झिंकच्या कांड्या आधी काढाव्यात, कारण सल्फॅमिक ॲसिड झिंक खातं. हातमोजे आणि चष्मा लागतोच. ज्या बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली होती ती चुकूनही वापरू नये, विषारी वायू सुटतो.

प्रेशर टेस्ट त्यांच्या पॅकेजमध्ये आहे, पण मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. मागावी. कूलंटच्या बाजूची दोन्ही तोंडं रबर आणि पट्ट्या लावून बंद करतात, १ ते १.५ बार हवा भरतात आणि कूलर पाण्याच्या टाकीत दहा मिनिटं ठेवतात. ज्या नळीच्या तोंडातून बुडबुडे येतील ती फुटकी. ती दोन्ही टोकांना पितळी बूच ठोकून बंद करतात. दहात एक या हिशोबाने नळ्या बंद केल्या तरी कूलर काम देतो, त्यापुढे नवा जुडगा घ्यावा. एका कूलरमध्ये दोन नळ्या फुटक्या निघाल्या. त्या बोटीचं कूलंट दर पंधरवड्याला लिटरभर कमी व्हायचं आणि बाहेर थेंब कुठेच नाही. अशी तक्रार असली की संशय आधी इथेच घ्यायचा: इंजिन चालू असताना कूलंटचं प्रेशर खाऱ्या पाण्याहून जास्त असतं, त्यामुळे कूलंट गुपचूप समुद्रात जातं. इंजिन थंड झाल्यावर उलटा प्रवासही होऊ शकतो, आणि मग खारं पाणी ब्लॉकमध्ये.

गिअरबॉक्सचा ऑइल कूलर छोटा असतो म्हणून विसरला जातो. त्याची नळी फुटली तर खारं पाणी थेट गिअर ऑइलमध्ये. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं की बोट बाहेर काढायची नाही. इथे त्याचीही प्रेशर टेस्ट करतात, बिलात वेगळी ओळ असते, ती कापायला लावू नका.

पंपाचं काम चांगलं करतात, पण माल कुठला घालतात ते बघावं लागतं. दुकानात निओप्रीनचा इम्पेलर मागावा. नायट्रिलचा इम्पेलर ऑइल-डिझेल मिसळलेल्या पाण्यासाठी, बिल्ज पंपाला ठीक. स्वस्त इम्पेलरांत जे बिघडतं ते पाती नव्हे, बुश, म्हणजे शाफ्टवर बसणारं मधलं नळकांडं. पितळी बुश आणि रबर यांची पकड सुटते: शाफ्ट फिरतो, बुश फिरतो, रबर जागेवर. उघडून बघितलं तर पाती सगळी शाबूत, आणि माणूस पंप सोडून दुसरीकडेच शोधत बसतो. विकत घेतानाच बुश चिमटीत घट्ट धरून रबराला पीळ देऊन बघावा, जरा जरी सरकला तर परत करावा. जुन्या इम्पेलरमध्ये बघायचं ते पात्याच्या मुळाशी. पातं बोटाने वाकवलं की मुळाशी बारीक चीर उघडते, ती दिसली की इम्पेलर संपला. वर्षाला एक बदलायचा हा नियम हौशी बोटींचा आहे. ट्रॉलर एका हंगामात दोन-अडीच हजार तास सहज चालतो, त्याला २५० तासांनी झाकण उघडून बघणं आणि ५०० तासांनी बदलणं हेच बरं. एखादं पातं तुटलेलं मिळालं तर तुकडे मोजायचे आणि जुळवून बघायचे. जो सापडला नाही तो कूलरच्या तोंडाशी बसलेला आहे.

बसवताना ते पात्यांना ग्लिसरीन लावतात, ते बरोबर आहे. ग्रीस लावू नये, पेट्रोलियम ग्रीसने निओप्रीन फुगतं. पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकलेली हवीत, म्हणजे शाफ्टच्या मागून ओढली जातील अशी. उलटी बसली तरी पहिल्या फेऱ्यात बहुधा पलटतात, पण नव्या रबराला तो मार कशाला. पंपाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पात्यांनी गोल खाचा पाडलेल्या असतात. खाच नखाला लागण्याइतकी झाली की पंपाची ओढ कमी होते. इथे झाकण काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करून देतात. झाकणावर बाहेरून कोरीव अक्षरं नसतील तर नुसतं उलटं करून लावलं तरी एक हंगाम निघतो.

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, त्याचं महत्त्व इथल्या हेडमिस्त्रीला नीट कळतं, आणि त्याबद्दल आमच्याकडून एक स्टार जादा. त्या भोकातून पाणी ठिबकत असेल तर पाण्याकडचं सील गेलं, ऑइल ठिबकत असेल तर इंजिनाकडचं. दोन्ही सील शाबूत असतील तर ते भोक कोरडं असतं. बंदरावर कित्येक पंपांत हे भोक एमसील भरून बुजवलेलं सापडतं, कारण "गळत होतं". मग पाण्याला तिथून वाट मिळत नाही, ते शाफ्टच्या कडेने बेअरिंगमध्ये शिरतं आणि गिअरवर चालणाऱ्या पंपात पुढे इंजिन ऑइलमध्येही. पाचशे रुपयांच्या सीलसाठी सबंध पंप घालवायचा हा प्रकार.

तक्रार पहिली: काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं आणि नवा इम्पेलर पंपात बसवूनच बोट परत दिली. बोट ऑगस्टपर्यंत जागची हलणार नाही. सात आठवडे पाती एकाच जागी दाबली गेली की तशीच वाकडी राहतात, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशीच पंपाची ओढ अर्धी. बंदीच्या काळात इम्पेलर काढून पिशवीत घालून चावीलाच बांधायचा. चावी हातात घेणाऱ्याला इम्पेलर आत नाही हे त्यावरूनच समजतं. कोरड्या पंपात इम्पेलर मिनिटाभरात जळतो. बोट शाकारून ठेवायची असेल तर कूलर आणि पाइपमधलं खारं पाणीही पूर्ण काढावं, गोड्या पाण्याने धुऊन. साचलेलं खारं पाणी महिन्या-दीड महिन्यात कुजतं, सडक्या अंड्याचा वास येतो आणि त्यातला सल्फाइड तांबं-निकेलच्या नळ्या खातो. वर्षभर धावणाऱ्या बोटीपेक्षा दोन महिने उभ्या राहिलेल्या बोटीचा कूलर आधी फुटतो तो यामुळेच.

दुसरी तक्रार झिंकची, आणि ही मोठी. कूलरच्या झाकणात पितळी प्लगला लावलेली झिंकची कांडी असते. समुद्राच्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक झिजतो. तो झिंक असावा, कूलर असू नये, एवढंच तिचं काम. या वर्कशॉपने दोन्ही इंजिनांवर जुन्या कांड्या तारेच्या ब्रशने घासून परत लावल्या, "अजून अर्धी आहे" म्हणून. अर्धी राहिली म्हणजेच बदलायची. अर्ध्यावरून ती बारीक होत जात नाही, ती मधेच मुळाशी तुटते, तुकडा कूलरच्या तोंडाशी लोळत राहतो आणि प्लग बाहेरून अगदी व्यवस्थित दिसतो. प्लग काढल्यावर कांडीऐवजी नुसतं पितळ हातात आलं तर झाकण उघडून तुकडा शोधल्याशिवाय नवी कांडी लावू नये. शिवाय प्लगच्या आट्यांना त्यांनी भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. गळती थांबते, पण कांडीचा कूलरच्या धातूशी संपर्क तुटू शकतो, आणि संपर्क नसेल तर ती कांडी म्हणजे शोभेची वस्तू. वर्षानंतरही कांडी जशीच्या तशी चकचकीत निघाली तर आनंदू नका. तिच्याऐवजी दुसरं काहीतरी झिजलेलं आहे. आम्ही दोन्ही ठिकाणी टेप काढायला लावली, नव्या कांड्या घातल्या आणि मल्टिमीटरने प्लग ते कूलर बॉडी संपर्क बघितला.

खाडीत उभ्या राहणाऱ्या बोटींना इथे आणखी एक सल्ला मिळायला हवा होता, मिळाला नाही. दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, कुठल्याही खाडीत पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी उतरतं. खारट-गोड्या पाण्यात झिंकवर एक कडक पांढरी साय धरते आणि ते काम करेनासं होतं. अशा बोटींना ॲल्युमिनियमची कांडी चांगली चालते. नाहीतर निदान ऑगस्टात समुद्रात जाण्याआधी कांडी काढून ती साय खरवडावी. वाशिष्ठीचा गाळ स्ट्रेनरमध्ये किती बसतो हा विषय वेगळा, दाभोळकरांना तो आम्ही काय सांगणार.

गोड्या पाण्याच्या बाजूला काम बरं म्हणालो, ते का ते सांगतो. जुनं कूलंट त्यांनी फक्त कूलरच्या खालच्या नळातून काढलं. ब्लॉकच्या बाजूला एक ड्रेन प्लग असतो, तो उघडल्याशिवाय ब्लॉकमधलं पाणी तसंच राहतं. ओळखायची युक्ती सोपी: पुस्तकात सिस्टिमची क्षमता २५ लिटर लिहिलेली आहे आणि नवीन कूलंट १७ लिटरच मावलं, तर ८ लिटर जुनं आतच आहे. सांगितल्यावर प्लग उघडला, आधी काहीच आलं नाही, तार घातल्यावर तांबडा गाळ आला. म्हणजे हा प्लग कित्येक वर्षं कुणी उघडलेला नव्हता.

"कोकणात पाणी गोठतं का? मग कूलंट कशाला?" हा प्रश्न अजूनही ऐकू येतो. गोठण्याचा संबंधच नाही. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात आणि ती लायनर, हेड, वॉटर पंप वाचवतात. वेट लायनरवर (पिस्टन ज्यात फिरतो त्या, बाहेरून कूलंट लागणाऱ्या नळकांड्यावर) बाहेरच्या बाजूने टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात ते नुसतं पाणी घालणाऱ्या इंजिनांवर. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी नको, उन्हाळ्यात त्यात खार उतरतो आणि क्लोराइड हाच तर आपला शत्रू. वर्कशॉप आधी नळाचंच पाणी घालत होतं. डिस्टिल्डचे कॅन आपण दिले तर घालतात, कुरकुर करत नाहीत. आधीच्या कूलंटवर दुसऱ्या प्रकारचं ओतायला मात्र त्यांना देऊ नका. रंगावर जाऊ नये, डब्यावर काय प्रकार लिहिला आहे ते वाचावं. दोन प्रकार मिसळले की कधी कधी लापशीसारखा गाळ धरतो. साधं कूलंट दोन वर्षांनी बदलायचं.

थर्मोस्टॅटवर, म्हणजे कूलंट तापल्यावर कूलरची वाट उघडणाऱ्या झडपेवर, आमचं आणि त्यांचं जमलं नाही. "आपल्याकडे काय थंडी आहे, काढून टाका, इंजिन थंड चालेल" हा सल्ला या वर्कशॉपनेही दिला. थंड चालतं हे खरं, आणि तेच वाईट. हलक्या लोडवर डिझेल नीट जळत नाही, कार्बन धरतो, न जळलेलं डिझेल लायनरवरून ऑइलमध्ये उतरतं. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, थोडं कूलंट कूलरला न जाताच फिरून येतं, आणि नेमकं पूर्ण लोडवर इंजिन तापतं. म्हणजे तापू नये म्हणून काढला आणि काढल्यामुळे तापलं. तपासायला भांडं, पाणी, थर्मामीटर आणि दोरा पुरे. थर्मोस्टॅटवर ७१ किंवा ८२ असा आकडा कोरलेला असतो, त्या अंशाला तो हलायला लागला पाहिजे आणि आणखी १०-१५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. भांड्याच्या तळाला टेकू देऊ नये, दोऱ्याने लोंबकळत ठेवावा, नाहीतर तळाच्या आचेने खोटं उत्तर मिळतं. इथे एका इंजिनाचा थर्मोस्टॅट अर्धवट उघडत होता, दुसऱ्याचा ठणठणीत. ठणठणीत होता तोही टाकायला निघाले होते.

होज आणि क्लिप बदलताना क्लिपला लोहचुंबक लावून बघा: पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असा माल बाजारात भरपूर आहे, सहा महिन्यांत स्क्रू गंजून तुटतो. पाण्याच्या रेषेखाली प्रत्येक जोडाला दोन क्लिपा. पंपाच्या ओढीच्या बाजूचा होज तारेचा हवा, साधा होज वर दिसतो टणक पण ओढीने आत चपटा होतो. तळाचा वॉल्व्ह पितळी असेल तर चाकूच्या टोकाने जरा खरवडून बघावा. पिवळा निघाला तर ठीक, गुलाबी निघाला तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि उरलं ते भुसभुशीत तांबं. तो एक दिवस हातात येईल, बोटीत पाणी घेऊन. गनमेटलचा घाला. या सगळ्याकडे वर्कशॉपने स्वतःहून लक्ष दिलं, गुलाबी वॉल्व्ह त्यांनीच दाखवला.

शेवटी ट्रायल. ती ते जेट्टीला दोरखंडांनी बांधून, गिअर टाकून, पंधरा मिनिटं घेतात, आणि एका छापील कागदावर आकडे लिहून देतात. आमच्या मते पैसे वसूल होतात ते या कागदात. आरपीएम, समुद्राचं पाणी आत येताना किती अंश, कूलरमधून बाहेर पडताना किती, कूलंट किती, आणि बाजूने पडणाऱ्या पाण्याने २० लिटरची बादली किती सेकंदांत भरली. हा कागद इंजिनरूममध्ये प्लास्टिकमध्ये घालून चिकटवावा. पुढे डिसेंबरात काटा चढला तर तेवढ्याच आरपीएमला पुन्हा मोजायचं. बादली भरायला वेळ जास्त लागतोय आणि बाहेर पडणारं पाणी पूर्वीपेक्षा गरम आहे, तर पाणी कमी येतंय: स्ट्रेनर, होज, इम्पेलर या क्रमाने बघा. स्ट्रेनरच्या झाकणाचं पॅकिंगही बघा, तिथून हवा ओढली गेली तरी हेच लक्षण. बादली वेळेत भरते, बाहेरचं पाणी नेहमीइतकंच किंवा कमी तापतंय, आणि कूलंट मात्र चढतंय, तर नळ्यांवर थर बसलाय, कूलर खोला. आणि काटा अचानक खाली आला आणि इंजिनाचा आवाज बदलला तर ताबडतोब बंद करा. कूलंट संपून सेन्सर हवेत उघडा पडला की तो थंडच दाखवतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर त्यांच्याकडे आहे, पण चकचकीत पितळेवर किंवा स्टीलवर तो चुकीचं दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या रंगाचा ठिपका मारून ठेवावा. मे महिन्यात इथलं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, जानेवारीत त्याहून थोडं कमी. तुलना करताना आत येणाऱ्या पाण्याचा आकडा सोबत बघावा.

आमच्याकडून पाचपैकी चार. हर्णे किंवा देवगडच्या लोकांना बोट इथे आणायची गरज नाही. कूलर, ऑइल कूलर आणि पंप काढून टेम्पोने पाठवले तरी ते करून देतात, फक्त काढण्याआधी पंचच्या खुणा स्वतः कराव्यात आणि नळांच्या तोंडांचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. ट्रायलचा कागद अर्थातच तेव्हा मिळत नाही, ती मोजमापं आपली आपण घ्यायची. जुने सुटे भाग पिशवीत परत मागा, झिंकच्या कांड्या धरून. नंबर मेच्या तिसऱ्या आठवड्यात लावा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर तिथे बोटींची रांग असते, कूलर खोलायला कुणाला वेळ नसतो, आणि तिथेही मग बादली आणि छोटी मोटर बाहेर निघते.